सापापुढचा ससा

सापाच्या नजरेला नजर भिडली की ससा जागच्या जागी थिजतो, ही समजूत इतकी रुळलेली आहे की लेखक ती निर्धास्तपणे उपमा म्हणून वापरतात. तिची तपासणी करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. लंडनमध्ये मात्र सापांच्या पिंजऱ्यापाशी ती जवळजवळ शंभर वर्षे तपासली जात होती; आणि त्या तपासणीत निसर्गशास्त्राइतकाच वाङ्मयाचाही हात होता.

आरंभ सशाचा नव्हे, बकरीचा आहे. चीनला गेलेल्या ब्रिटिश वकिलातीचे ‘अल्सेस्ट’ हे जहाज १८१७ साली फुटले आणि मंडळी बटाव्हियाहून ‘सीझर’ या जहाजाने परत निघाली. जहाजावर एक प्रचंड साप होता व त्याच्या खाण्यासाठी बकऱ्या घेतलेल्या होत्या. जॉन मॅक्लाउड या शल्यवैद्याने आपल्या प्रवासवर्णनात त्या भोजनाचे वर्णन केले आहे. पिंजऱ्यात ढकलताक्षणी बकरीला आपले भवितव्य उमगले, तिने आक्रोश मांडला, शिंगे रोखली, असे तो सांगतो. वर्णन विलक्षण प्रभावी आहे आणि पुढे ते अनेकांनी उचलले. बकरीला नेमके काय उमगले हे मॅक्लाउडला कसे कळले, असा प्रश्न त्या वाचकांनी विचारला नाही.

तो प्रश्न अप्रत्यक्षपणे विचारला तो विल्यम जॉन ब्रॉडरिप याने. ब्रॉडरिप पेशाने कायदेपंडित, पुढे दंडाधिकारी. साक्ष तपासण्याची सवय अंगी मुरलेली. टॉवर ऑफ लंडनमधल्या प्राणिसंग्रहात बोआ जातीच्या अजगरापुढे ससा सोडला जाताना त्याने पाहिले आणि १८२६ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ससा हे तेथे सोयीचे भक्ष्य होते: बकरीपेक्षा स्वस्त, गिळायला बेताचे, आणि त्याची वीणही भराभर होते. ब्रॉडरिपच्या वृत्तांतात साप ओंडक्यासारखा निश्चल पडला आहे, त्याचे डोके तेवढे सशाच्या हालचालीबरोबर नकळत वळते आहे, आणि ससा? ससा त्याची दखलही घेत नाही. पिंजऱ्यात फिरत फिरत तो आपण होऊन त्या डोक्यापाशी येतो. मग एक झडप, एक किंकाळी, आणि विळखा. मोहिनी नाही, थिजणे नाही. जे भय होते ते शेवटच्या क्षणाचे. माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वांत प्रामाणिक गद्यखंड आहे, आणि म्हणूनच अधिक भयंकर आहे.

ब्रॉडरिपने सशाच्या मनात शिरायचे नाकारले; डिकन्सला तो मोह आवरला नाही. रीजंट्स पार्कमध्ये १८४९ साली सरपटणाऱ्या प्राण्यांचे स्वतंत्र घर उघडले, आणि तेथे सापांना जिवंत पक्षी, ससे, गिनी पिग देण्याचा कार्यक्रम हे प्रेक्षकांचे आकर्षण झाले. डिकन्सने तो पाहिला व त्याविषयी एका पत्रात लिहिले. त्या पत्रात गिनी पिगच्या अंगावरचा केस न् केस भयाने उभा राहिला आहे. एवढेच नव्हे, तर त्या जीवाच्या तोंडी चक्क वाक्य घातलेले आहे. टेबलाच्या पायांवरून साप चढत असल्याचा भास मात्र होतो आहे तो पत्रलेखकाला.

भय नक्की कोणाचे, हा पेच डार्विनपुढेही आला होता. पेंढा भरलेला साप माकडांच्या पिंजऱ्यात नेल्यावर उडालेला हाहाकार त्याने १८७१च्या ग्रंथात नोंदवला. आणि काचेपलीकडच्या विषारी सापाने झेप घेताच आपण निर्धार करूनही मागे उडालो, हे १८७२च्या ग्रंथात. दोन्ही वेळा घाबरणारे नरवानर कुळातलेच होते, हे ध्यानात ठेवावे.

पुढे जिवंत भक्ष्य देण्याविरुद्ध तक्रारी वाढल्या. बैल व अस्वलांवर कुत्री सोडण्याचे खेळ आणि कोंबड्यांच्या झुंजी इंग्लंडमध्ये १८३५च्या कायद्याने बंद झाल्या होत्या. मग सशाचे मरण तिकीट काढून का पाहू द्यावे? साप मेलेले भक्ष्य घेतच नाही, हे यावरचे ठरलेले उत्तर होते. ते निकालात काढले प्राणिसंग्रहालयाचे सचिव पीटर चाल्मर्स मिचेल आणि अधीक्षक आर. आय. पोकॉक यांनी. (भारतीय सस्तन प्राण्यांवर पुढे ग्रंथ लिहिणारे पोकॉक ते हेच.) १९०७ सालच्या त्यांच्या निबंधात दोन गोष्टी शेजारी शेजारी येतात. बहुतेक साप मेलेले भक्ष्य स्वीकारतात ही एक. दुसरी अशी की ससे, उंदीर, गिनी पिग यांना सापाचे उपजत भय असल्याचे दिसतच नाही. माकडे घाबरतात, लेमूर घाबरत नाहीत.

या दोहोंतला ताण लक्षात घेण्याजोगा आहे. सशाला भय नाही, हे तर जिवंत ससा देण्याच्या बाजूचे प्रमाण झाले असते. तरीही मिचेलच्या कारकिर्दीत संग्रहालय मेलेल्या भक्ष्याकडे वळले. भय नसले तरी किंकाळी होती, हे ब्रॉडरिपने ८१ वर्षांपूर्वी लिहूनच ठेवले होते. (त्या विळख्यात श्वास कोंडतो असे पुष्कळ काळ मानले जाई, बोआच्या विळख्यात उंदराचे रक्ताभिसरण काही सेकंदांतच कोलमडते, हे २०१५ साली अमेरिकेत मोजले गेले.)

आपल्याकडे भक्ष्याच्या अजाणतेपणाची प्रतिमा फार जुनी आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात सापाकडून गिळला जात असलेला बेडूक माश्यांसाठी जीभ काढतो. तेथेही जाणीव बेडकाला नाही, ऐकणाऱ्याला आहे. १९६०च्या भारतीय प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने तर केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला दुसऱ्याचे भक्ष्य म्हणून डांबणे हा गुन्हा ठरवला. बारकाईने वाचले तर या कलमाचा रोख पाहणाऱ्याकडे आहे.

ब्रिटन-अमेरिकेत घरी अजगर पाळणारे लोक आज बहुधा गोठवलेले उंदीर विकत आणतात, आणि अजगर मोठा झाला की उंदरांऐवजी ससे. ससा वितळवून, कोमट करून लांब चिमट्याने पुढे धरायचा. जिवंत भक्ष्याने चावून सापालाच जखमी करू नये, हेही त्यामागचे एक कारण. साप वास घेतो, ऊब जोखतो, पण काही साप तेवढ्याने हलत नाहीत. तेव्हा मालक चिमटा किंचित हलवतो आणि मेलेल्या सशाला थोडे चालवून दाखवतो.