रेमार्क यांची युद्धकादंबरी : साक्ष, साहित्य आणि समीक्षा

एरिख मारिया रेमार्क यांची ‘इम वेस्टेन निश्ट्स नॉयेस’ ही पहिल्या महायुद्धावरील जर्मन कादंबरी नोव्हेंबर १९२८ पासून बर्लिनच्या ‘फोसिशे त्साइटुंग’ या दैनिकात क्रमशः व जानेवारी १९२९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. उल्श्टाइन या प्रकाशनसमूहाने तिची जाहिरात एका साध्या सैनिकाचे सत्यकथन म्हणून केली. विरोधकांनीही मग नेमकी तीच बाजू धरली : लेखकाने युद्ध पाहिले तरी किती?

नोंदी स्पष्ट आहेत. रेमार्क नोव्हेंबर १९१६ मध्ये सैन्यात भरती झाले, जून १९१७ मध्ये आघाडीवर गेले आणि ३१ जुलै रोजी जखमी झाले. त्यानंतरचा बहुतेक काळ ड्युइसबुर्गच्या रुग्णालयात गेला. राष्ट्रवादी टीकाकारांनी ही आठवड्यांची मोजदाद शस्त्रासारखी वापरली. डिसेंबर १९३० मध्ये नाझींच्या गोंधळानंतर कादंबरीवरील अमेरिकन चित्रपटावर जर्मनीत बंदी आली. मे १९३३ मध्ये पुस्तकाची होळी झाली.

मोड्रिस एक्स्टाइन्स यांनी १९८० मधील निबंधात आणि पुढे ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’ (१९८९) या ग्रंथात वेगळा मुद्दा मांडला. त्यांच्या मते ही कादंबरी १९१७ च्या खंदकांपेक्षा युद्धोत्तर भ्रमनिरासाविषयी अधिक सांगते. इतिहासाच्या अभ्यासकाला हे मत टाळता येणार नाही. दहा वर्षांनंतर लिहिलेला मजकूर हा प्रथमतः वायमार काळाचा दस्तऐवज ठरतो. मात्र या मतातही एक धोका आहे. लेखकाच्या आघाडीवरील दिवसांवरून कादंबरीची किंमत ठरवू लागल्यास समीक्षक नकळत जुन्या विरोधकांचेच माप हाती घेतो. वास्तविक कादंबरीच्या रचनेतच याचे उत्तर आहे. निवेदक पाउल बॉयमर याच्या मृत्यूची वार्ता अखेरीस दुसराच आवाज देतो; असा शेवट आत्मकथनाला शक्य नाही.

थॉमस श्नायडर यांच्या संहिताभ्यासाने वादाला भक्कम आधार दिला. प्रकाशनापूर्वी मजकुरात फेरफार झाले होते. एका दमात लिहिलेल्या कहाणीची प्रतिमा जाहिरातीने घडविली होती, हे त्यातून दिसते.

अनुवादाकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले. मूळ शीर्षकाचा अर्थ ‘पश्चिमेकडे नवीन काही नाही’. नायक मरतो त्या दिवशीच्या लष्करी अहवालाची ही कोरडी भाषा. ए. डब्ल्यू. व्हीन यांच्या १९२९ च्या इंग्रजी शीर्षकात ‘नवीन’ जाऊन ‘शांतता’ आली. ब्रायन मर्डॉक यांनी १९९० च्या दशकातील नव्या अनुवादातही हेच रूढ शीर्षक कायम ठेवले.