ज्येष्ठ नागरिकांचे टपाली मतदान

वार्धक्यामुळे मतदान केंद्रापर्यंत जाणे जड झालेल्या मतदाराला स्वतःच्या घरी मत नोंदवता यावे, यासाठी निवडणूक नियमांत केलेली सोय. भारतात लोकसभा व विधानसभा निवडणुकांत ती ८५ वर्षांवरील मतदारांना, आणि वयाची अट न लावता ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना मिळते. सोय टपाली म्हटली जात असली तरी मतपत्रिका टपालाने जात-येत नाही. निवडणूक कर्मचाऱ्यांचे पथक ती घेऊन दारी येते. म्हणून बोलीत ‘गृहमतदान’ हेच नाव रुळले आहे. त्यासाठी मतदाराला निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत ‘नमुना १२-ड’ भरून द्यावा लागतो. हा अर्ज मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, घरी पोहोचवतो. अर्ज मंजूर झाला की मतदार यादीत नावापुढे तशी खूण होते आणि त्या मतदाराला केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. ठरलेल्या दिवशी मतदान अधिकारी, चित्रीकरण करणारा आणि पोलिस घरी येतात. उमेदवारांना वेळापत्रक आधी कळवलेले असते, त्यामुळे त्यांचे प्रतिनिधीही हजर राहू शकतात. मतदार घरी सापडला नाही तर पथक आणखी एकदाच येते.

या सोयीचा उगम लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ६० मध्ये आहे. निवडणूक आयोगाने सरकारशी विचारविनिमय करून अधिसूचित केलेल्या वर्गाला टपाली मत देता येईल, एवढेच ते कलम सांगते. तो वर्ग कोणता, त्याची वयोमर्यादा किती, हे निवडणूक संचालन नियम, १९६१ मध्ये ठरते, आणि नियम बदलायला संसदेपुढे विधेयक आणावे लागत नाही. पाच वर्षांचा इतिहास पाहिला तरी याचा परिणाम दिसतो. २२ ऑक्टोबर २०१९ च्या दुरुस्तीने मर्यादा ८० वर्षांची ठरली आणि त्याच वर्षी झारखंड विधानसभेच्या ७ मतदारसंघांत तिचा पहिला प्रयोग झाला. करोनाच्या साथीत, १९ जून २०२० रोजी, ती ६५ वर आणली गेली. राजकीय पक्षांनी आक्षेप घेतले, आणि महिन्याभरात आयोगानेच मनुष्यबळ व साधनांची अडचण सांगून बिहारमध्ये ६५ ची मर्यादा लागू न करण्याचे ठरवले. प्रत्यक्षात ८० चीच मर्यादा चालू राहिली. १ मार्च २०२४ रोजी, लोकसभा निवडणूक जाहीर होण्याच्या जेमतेम पंधरवडाभर आधी, ती ८५ झाली. ही सोय देशभर प्रथमच मिळाली ती याच निवडणुकीत. म्हणजे ती सर्वत्र पोहोचली आणि आक्रसली एकाच वेळी.

मर्यादा वाढवण्यामागचे जे कारण तेव्हा प्रसिद्ध झाले ते तपासण्याजोगे आहे. आधीच्या ११ विधानसभा निवडणुकांत ८० वर्षांवरील केवळ दोन-तीन टक्के मतदारांनी टपाली मताचा पर्याय घेतला. उरलेल्या ९७-९८ टक्क्यांनी केंद्रावर जाणे पसंत केले, असा तो युक्तिवाद. यातला पहिला भाग हा आकडा आहे, दुसरा केवळ अनुमान. ज्याने अर्ज भरला नाही तो केंद्रावर गेलाच, असे त्यातून निघत नाही. कुणाकडे बीएलओ पोहोचला नसेल, कुणाला पाच दिवसांची मुदत कळलीच नसेल, कुणी दोन्हीकडे मत दिले नसेल. शिवाय पुष्कळ वृद्धांना केंद्रावर जायला मनापासून आवडते, हे मान्य केले तरी तो पुरावा उलट बाजूला झुकतो. ८० ते ८५ या वयोगटात तेव्हा सुमारे ९८ लाख मतदार होते. त्यांच्यापैकी तीन टक्केच गृहमतदान मागणार असतील, तर तो आकडा तीन लाखांच्या आत राहतो. देशातील मतदान केंद्रे साडेदहा लाखांच्या घरात आहेत. म्हणजे तीन केंद्रांमागे एक घरही येत नाही. मागणी कमी आहे हे सोय काढून घेण्याचे कारण सांगायचे, तर तीच कमी मागणी सोय ठेवणे परवडते याचाही दाखला ठरते.

आज अर्जाची मुदत मागणीला जितकी गाळणी लावते तितकी कदाचित वयाची अटही लावत नसेल. महाराष्ट्र विधानसभेच्या २०२४ च्या निवडणुकीची अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली आणि मतदान २० नोव्हेंबरला झाले. पाच दिवसांचा हिशेब धरला तर अर्जाची मुदत मतदानापूर्वी तीन आठवड्यांहून अधिक काळ आधी संपते. ऐंशी-नव्वदीच्या वयात तीन आठवड्यांत बरेच काही घडते. आज चालणारा माणूस पुढच्या आठवड्यात खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळतो आणि त्याच्यासाठी कोणताही मार्ग उरत नाही. मतदार यादीवर खुणा करायच्या, मतपत्रिका छापायच्या, पथकांचे मार्ग आखायचे, म्हणून ही मुदत लवकर ठेवली आहे, असे समर्थन करता येते. पण उमेदवारी मागे घेण्याची मुदत टळेपर्यंत मतपत्रिकेवर कोणाची नावे येणार हेच ठरलेले नसते. त्या निवडणुकीत तो दिवस ४ नोव्हेंबर होता. निदान तोवर अर्ज घ्यायला छपाईची अडचण नव्हती.

हिमाचल प्रदेशातील कल्पा येथील श्याम सरन नेगी यांची गोष्ट इथे पुरावा म्हणून पाहण्यासारखी आहे. स्वतंत्र भारताचे पहिले मतदार म्हणून ख्याती पावलेल्या नेगींनी २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत आलेला १२-ड अर्ज परत केला होता. आपण केंद्रावर जाऊनच मत देणार, असे त्यांनी कळवले होते. मग प्रकृती ढासळली. २ नोव्हेंबरला त्यांनी घरीच टपाली मत दिले आणि ५ नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले. निर्णय फिरवण्याची मुभा नेगींना मिळाली; साऱ्या देशाचे लक्ष नसलेल्या मतदाराला ती मिळेल याची हमी नियमांत नाही. सोयीचे वय कितीही ठेवा, गरज वयाच्या आकड्याने येत नाही. ८६ व्या वर्षी रोज फेरफटका मारणारे हक्कदार ठरतात आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नसलेला, पक्षाघाताने पडून असलेला ७२ वर्षांचा मतदार बाहेर राहतो. वयाबरोबरच वैद्यकीय दाखल्याचा मार्गही खुला असायला हवा, तो यासाठी.

गृहमतदानावरचा सर्वांत गंभीर आक्षेप गुप्ततेचा आहे, आणि तो हलका मानता येणार नाही. केंद्रावरील पुठ्ठ्याच्या आडोशात सून, मुलगा किंवा गावचा पुढारी डोकावू शकत नाही. घरात खाटेभोवती कोण उभे आहे हे पथकाच्या दक्षतेवर अवलंबून असते. द्रमुकने या तरतुदीला मद्रास उच्च न्यायालयात आव्हान दिले होते. मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली. न्यायालयीन निकालाने धोका संपत नाही, पण त्याचे माप ठरवता येते. जो वृद्ध घरात दबावाखाली आहे, त्याला केंद्रावर नेणारा आणि अंध किंवा अशक्त मतदाराचा सोबती म्हणून नियमानेच त्याच्याबरोबर आत जाणारा बहुधा त्याच घरातला असतो. उलट घरी आलेल्या पथकासमोर चित्रीकरण असते आणि विरोधी उमेदवाराचा प्रतिनिधी बसू शकतो. खर्चाचा आक्षेप गडचिरोलीत दिसतो: एप्रिल २०२४ मध्ये सिरोंचा तालुक्यातील दोन वृद्ध मतदारांसाठी पथकाने १०७ किलोमीटर प्रवास केला. महागडे आहे खरे. पण दुर्गम पाड्यावर मूठभर मतदारांसाठी केंद्र उभारण्याची आपल्या आयोगाची परंपरा आहे, आणि तिचा आपण अभिमान बाळगतो.

मत घेतले म्हणजे ते मोजले गेले, असे टपाली मताच्या बाबतीत धरून चालत नाही. मुंबई वायव्य मतदारसंघात २०२४ मध्ये रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. मतदान यंत्रांच्या मोजणीत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. निकाल टपाली मतांनी फिरला. ही मते सर्व टपाली मतदारांची होती, केवळ वृद्धांची नव्हेत, आणि त्यांतली १११ अवैध ठरलेली मतपत्रके पुन्हा तपासावी लागली. लिफाफ्यात घोषणापत्र नसणे, ते साक्षांकित नसणे, खूण चुकीच्या जागी पडणे, अशा क्षुल्लक दोषांनी टपाली मत बाद होते. अमेरिकेतील टेक्सास राज्यात ६५ वर्षांवरील मतदाराला खरोखरच टपालाने मत देता येते. तेथे २०२१ च्या कायद्याने अर्जावर व लिफाफ्यावर ओळखक्रमांक लिहिणे सक्तीचे केले आणि मार्च २०२२ च्या प्राथमिक निवडणुकीत टपाली मतांपैकी सुमारे १२ टक्के फेटाळली गेली. भारतीय पद्धतीचा गुण इथे दिसतो: अधिकारी समोर असल्याने घोषणापत्र जागेवरच साक्षांकित होते. वृद्धांच्या गृहमतदानातील बाद मतांचा आकडा सैनिक व निवडणूक कर्मचाऱ्यांच्या टपाली मतांपासून वेगळा काढून प्रसिद्ध व्हायला हवा. तसा झाल्याशिवाय हा गुण किती खरा उतरतो ते कळणार नाही.

१९६१ चे नियम लोकसभा व विधानसभेपुरते आहेत. महापालिका, जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग वेगळ्या कायद्यांखाली घेतो, त्यामुळे तिथे वृद्ध मतदाराला हा हक्क आपोआप लागू होत नाही. पदपथ, दवाखाना, पाणी यांचे निर्णय ज्या सभागृहात होतात, नेमक्या त्याच सभागृहासाठी ही सोय हवी असेल, तर संसदेने मूळ कायद्यात कितीही पक्की तरतूद केली तरी राज्याच्या विधिमंडळाला स्वतंत्रपणे पाऊल उचलावे लागेल.