न दिसणाऱ्या प्रवाहाचें गणित

ऑगस्ट १९५५ मध्यें जिनीव्हा येथें अणुशक्तीच्या शांततामय उपयोगाविषयीं पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हां अध्यक्षस्थानीं डॉ. होमी भाभा होते. अणुगर्भांच्या मीलनांतून मिळणाऱ्या शक्तीला लगाम घालण्याची रीत दोन दशकांत सांपडेल, असें भाकीत त्यांनीं केलें. तें खरें ठरलें नाहीं. आडवा आला तो प्लाझ्मा.

अतितप्त वायूंतील अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झाले म्हणजे जें विद्युद्भारित द्रव्य उरतें, तें प्लाझ्मा. बारामतीजवळच्या सांगवीचा शेतकरी दारें धरून पाणी हवें तिकडे वळवितो. प्लाझ्माचा प्रवाह मात्र आपलें चुंबकीय क्षेत्र आपणच निर्माण करतो, आणि तें क्षेत्र उलट प्रवाहालाच वांकवितें. पाण्यानेंच पाट खणावा नि पाटानें पाणी फिरवावें, तसा हा प्रकार! कागदावर त्याचा हिशेब लागत नाहीं.

१९६० च्या सुमारास ऑस्कर बुनेमान व जॉन डॉसन यांनीं हें काम गणकयंत्रावर सोंपविलें. असंख्य कणांचे मोजके गट कल्पावे; त्यांच्या जागा व वेग यांवरून क्षेत्र काढावें; त्या क्षेत्रानें गट किंचित् पुढें सरकवावे; आणि पुन्हा तेंच, लक्षावधि वेळां. त्याच सुमारास, १९६० सालीं, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत येथल्याच तरुणांनीं जोडलेलें गणकयंत्र चालूं लागलें. पुढें त्याला 'टिफ्रॅक' हें नांव मिळालें. निर्वात नळ्या २,७०० आणि स्मृति अवघ्या २,०४८ शब्दांची! कणांच्या अशा हिशेबाला ती तोकडीच. पण यंत्र घडविण्याचा आत्मविश्वास तोकडा नव्हता.

त्याच संस्थेंत प्रा. जी. रवींद्र कुमार यांच्या प्रयोगशाळेंत, सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाहूनही अल्प काळ टिकणारा लेसरचा झोत घन पदार्थावर टाकण्यांत आला. प्रकाशाच्या वेगाशीं स्पर्धा करणारे इलेक्ट्रॉन आंत घुसले, त्यांच्या उलट दुसरा प्रवाह धांवला, आणि दोहोंच्या झटापटींत चुंबकीय क्षेत्र खवळलें. दुसऱ्या क्षीण झोताच्या ध्रुवीकरणांत पडलेल्या फरकावरून तें मोजलें गेलें. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेंतील प्रेधिमन कृष्ण काव व अमिता दास हेही या कामांत होते. मोजमाप आणि गणकयंत्रावरील गणित शेजारीं ठेवून लिहिलेला निबंध २०१२ सालीं प्रसिद्ध झाला.

ही जोड अत्यावश्यक होती. गट मोठे धरले तर यंत्र निसर्गांत नसलेली उष्णताही दाखवितें, आणि चित्र मात्र मोठें सुबक उमटतें. खऱ्या कणांची संख्या कोणत्याही यंत्रांत मावत नाहीं. म्हणून गट कल्पावेच लागतात, आणि मग प्रयोगाच्या दारीं जावेंच लागतें.