शिकवते कोण : यंत्र की मांडणी?

वर्गात संगणक आला की मुलांना अधिक समजते का? हा प्रश्न वर्गातल्या संगणकाहून जुना आहे. १९५३ साली अमेरिकेत 'ऑडिओ व्हिज्युअल कम्युनिकेशन रिव्ह्यू' हे संशोधनपर नियतकालिक निघाले. तेव्हा कुतूहल होते शैक्षणिक चित्रपटांचे. पुढे दूरचित्रवाणी आली, मग संगणक. नियतकालिकाचे नाव १९७८ मध्ये बदलले. १९८९ मध्ये दुसऱ्या एका नियतकालिकाशी जोडून ते 'एज्युकेशनल टेक्नॉलॉजी रिसर्च अँड डेव्हलपमेंट' झाले. प्रयोगाचा साचा मात्र बराच काळ तोच राहिला : एका गटाला नवे साधन, दुसऱ्याला नेहमीचा तास, शेवटी दोघांची परीक्षा.

१९८३ मध्ये रिचर्ड क्लार्क यांनी (अन्यत्र लिहिताना) या साच्यावरच बोट ठेवले. नव्या साधनाबरोबर धडाही नव्याने, मेहनतीने रचलेला असतो. मग फरक कशामुळे पडला? दोन्ही गटांचे धडे एकाच शिक्षकाने रचले, तर फरक बराच कमी होतो, हे त्यांनी दाखवले. किराणा आणणारा ट्रक आपले पोषण करत नाही, असा त्यांचा दृष्टांत.

रॉबर्ट कोझ्मा यांना हे पटले नाही. १९९४ मध्ये याच नियतकालिकात दोघे समोरासमोर आले. वस्तूला बल देऊन तिची गती तत्काळ पडद्यावर पाहणे, ही संगणकाची स्वतःची ताकद आहे, असे कोझ्मांचे म्हणणे.

एका वेळी एकच घटक बदला, हा प्रयोगशाळेचा पहिला धडा. म्हणून माझा कल क्लार्ककडे. पण न्यूटनचा पहिला नियम शिकवताना घर्षण नसलेली जमीन खडू-फळ्यावर कुठून आणायची?