बोरघाट : अभियांत्रिकी व भौतिकशास्त्राच्या मूलतत्त्वांची ऐतिहासिक कसोटी (इ.स. १८५६ ते १९१५)

प्रस्तावना

अभियांत्रिकी व भौतिकशास्त्राच्या मूलतत्त्वांचे ज्ञान तपासण्याचे आपल्या महाविद्यालयांतील रूढ साधन म्हणजे लेखी परीक्षा होय. उतार, घर्षण, दाब, ऊर्जेची अक्षय्यता यांच्या व्याख्या विद्यार्थी अचूक लिहितो. परंतु याच तत्त्वांनी आपल्या परिसराचा इतिहास घडविला, याची जाणीव त्याला क्वचितच करून दिली जाते. मावळ तालुक्याच्या पश्चिम कडेवरील खंडाळा-लोणावळा परिसर या दृष्टीने अभ्यसनीय आहे. येथील रेल्वेमार्ग व जलविद्युत प्रकल्प यांच्या आधारे, ज्ञानाची खरी कसोटी कोठे लागते आणि तिची किंमत कोण मोजतो, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. चढाची कसोटी

इ.स. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाला. बैल चढ चढताना दम घेऊ शकतो, वळणावर थबकू शकतो. लोखंडी रुळावरील लोखंडी चाकाचे तसे नाही. घर्षण कमी असल्यामुळे सपाटीवर रेल्वे सहज धावते. मात्र तोच गुण चढावर दोष ठरतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्यासमोर हाच प्रश्न होता.

सुमारे पावणेसोळा मैलांत १८३१ फूट उंची गाठावयाची होती. मार्गाचा सर्वाधिक चढ ३७ स एक असा ठेवण्यात आला. याचा अर्थ साधा आहे : ३७० टनांच्या गाडीला सर्वांत तीव्र चढावर केवळ गुरुत्वाकर्षणामुळे सुमारे १० टनांची ओढ मागे खेचते. अरुंद डोंगरधारेवर वळणास जागा नसल्याने खंडाळ्याखाली उलटफेरीचे स्थानक उभारून गाडीची दिशा बदलण्याची युक्ती योजण्यात आली. उतरणीवरून सुटलेली गाडी रोखण्यासाठी कॅच सायडिंग म्हणजे बाजूचा चढता फाटा असतो. गतिज ऊर्जेचे स्थितिज ऊर्जेत रूपांतर होते, हे पाठ्यपुस्तकातील विधान तेथे प्रवाशांचे प्राण वाचविते.

इ.स. १८५६ मध्ये सुरू झालेले हे काम पूर्ण होऊन २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्गाचे उद्घाटन झाले. बर्कले मात्र त्यापूर्वीच, इ.स. १८६२ मध्ये निवर्तले होते. नवा मार्ग झाल्यावर इ.स. १९२९ मध्ये उलटफेरीचे स्थानक कालबाह्य ठरले.

२. बांधकामाची व व्यवहाराची कसोटी

चढाचे गणित बरोबर आले म्हणून परीक्षा संपली असे झाले नाही. इ.स. १८६७ मध्ये घाटातील एक मोठा दगडी पूल कोसळला. निकृष्ट दगडी बांधकाम हे त्याचे प्रमुख कारण ठरले. आराखड्यातील कमान भार पेलते; प्रत्यक्षातील कमान दगडाच्या सांध्यांवर, चुन्याच्या प्रतीवर आणि देखरेख करणाऱ्याच्या सचोटीवर उभी असते.

मनुष्यबळाबाबतही हेच म्हणावे लागेल. इ.स. १८६१ मध्ये येथे ४०,००० हून अधिक मजूर राबत होते. थकलेल्या मजुरीवरून इ.स. १८५९ मध्ये त्यांचा उद्रेक झाला. कंत्राटदार फॅविएल यांनी काम सोडले. त्यांच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल अल्पावधीतच मरण पावले आणि कंत्राटाची जबाबदारी त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी स्वीकारली. साथीच्या रोगांनी मजुरांचे मोठ्या संख्येने बळी घेतले. अभियंत्यांची व कंत्राटदारांची नावे इतिहासात नोंदली गेली. सुरुंगाची जागा व दगडाची शीर हाताने ओळखणाऱ्यांची नावे नोंदली गेली नाहीत.

याच काळात, इ.स. १८५४ मध्ये, पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला होता. सार्वजनिक बांधकामांसाठी दुय्यम अधिकारी तयार करणे हा त्याचा हेतू होता. एतद्देशीयांच्या ज्ञानाची परीक्षा घेतली जात होती, पण ती दुय्यम पदापुरती, ही बाब लक्षणीय आहे.

३. पाण्याच्या दाबाची कसोटी

जी उंची रेल्वेला अडसर ठरली, तीच विजेसाठी संपत्ती ठरली. ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळा येथे टाटा जलविद्युत प्रकल्पाची कोनशिला बसविण्यात आली. वळवण, लोणावळा व शिरोता येथील जलाशयांत मावळातील पाऊस साठवून तो नळांवाटे खोपोलीस नेण्यात आला. फेब्रुवारी १९१५ मध्ये मुंबईस वीजपुरवठा सुरू झाला.

येथील पाण्याचा पतन सुमारे १७२५ फूट, म्हणजे ५२५ मीटर आहे. या उंचीवरील एक घनमीटर पाण्यात सुमारे १.४ युनिट विजेइतकी स्थितिज ऊर्जा असते, तर तळाशी नळावर दर चौरस सेंटिमीटरला ५० किलोग्रॅमहून अधिक दाब येतो. पहिला आकडा लाभाचा, दुसरा जोखमीचा. दोन्ही एकाच उंचीतून निघतात.

तथापि, पूर्वेकडे वाहणारे पाणी पश्चिमेकडे वळले आणि मावळातील शेतजमिनी जलाशयांखाली गेल्या, हे या सूत्रात दिसत नाही. शेजारच्या मुळशी खोऱ्यात इ.स. १९२१ मध्ये सत्याग्रह झाला, तेव्हा हा न मोजलेला भाग सार्वजनिक चर्चेत आला.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, मूलतत्त्वांची कसोटी तीन पातळ्यांवर लागते : गणित बरोबर आहे काय, काम गणिताबरहुकूम झाले काय, आणि गणितात न धरलेली किंमत कोणी मोजली. आपली प्रश्नपत्रिका बहुधा पहिल्या पातळीवरच थांबते. बोरघाटाचा चढ व खोपोलीचा पतन भौतिकशास्त्राच्या वर्गात उदाहरण म्हणून यावा आणि १८६७ चा पूल व बुडालेली शेते इतिहासाच्या वर्गात त्याच आकड्यांसह यावीत. दोन्ही विभागांच्या अध्यापकांनी असा एक प्रश्न संयुक्तपणे तयार केल्यास, विद्यार्थ्याच्या ज्ञानाबरोबरच आपल्या अध्यापनाचीही परीक्षा होईल.