घोरपड खरी की खोटी?

मालवणच्या बंदरातून होडी सिंधुदुर्गाकडे निघाली की होडीवाला बोलू लागतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी किल्ल्याचा पाया घातला गेला, हे तो सांगतो. किल्ल्यात चुन्यावर उमटलेले हातापायाचे ठसे महाराजांचेच, हेही तो तितक्याच खात्रीने सांगतो. एक गोष्ट इतिहासाची, दुसरी श्रद्धेची. ऐकणारा मात्र दोन्ही एकाच पिशवीत भरून घरी नेतो.

या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या, पण त्यांतली एकही फेकून द्यायची नाही, हे कठीण काम आहे. यशवंत नरसिंह केळकर यांनी ते जन्मभर केले. १९०२ साली जन्मलेले यशवंतराव हे ‘केसरी’चे संपादक, साहित्यसम्राट न. चिं. केळकर यांचे चिरंजीव. घरात राजकारण आणि साहित्य दोन्ही नांदत होते. मुलाला ओढ लागली ती शाहिरांच्या जुन्या बाडांची.

त्यांच्याआधी मुंबईचे एक इंग्रज अधिकारी ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा संग्रह छापला होता. वडाळ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयाला ज्यांचे नाव आहे, तेच हे ॲकवर्थ. केळकरांनी ते काम पुढे नेले. ‘ऐतिहासिक पोवाडे’चा पहिला खंड १९२८ मध्ये निघाला, दुसरा १९४४ मध्ये आणि तिसरा १९६९ मध्ये. पहिल्या खंडाच्या वेळी पंचविशीत असलेला तरुण तिसऱ्याच्या वेळी सदुसष्टीच्या घरात होता. एकेचाळीस वर्षे एकाच विषयाशी इमान राखणे सोपे नाही.

आता घोरपडीकडे येऊ. शाळेत आपण सगळ्यांनी ऐकले आहे की, तानाजी मालुसऱ्याने घोरपडीला दोर बांधून कोंढाणा सर केला. शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात ही घोरपड आहे. शिवकाल प्रत्यक्ष पाहिलेल्या सभासदाच्या बखरीत ती नाही. तानाजी ४ फेब्रुवारी १६७० रोजी पडला आणि त्यावरून गडाचे नाव सिंहगड झाले, असेही आपण मानतो. पण १६६३ च्या शिवाजी महाराजांच्या पत्रात सिंहगड हे नाव आधीच आलेले आहे.

मग पोवाडा खोटा म्हणून टाकून द्यायचा का? मुळीच नाही. पत्र सांगते, काय होते. पोवाडा सांगतो, लोकांच्या मनात काय उरले. दोन्ही पुरावेच, फक्त निरनिराळ्या गोष्टींचे. मात्र कोणी, केव्हा आणि कोणासाठी गायिले, हे विचारावे लागते.

हे न विचारल्यास काय होते, याचे एक उदाहरण फ्रान्समधले आहे. इ. स. ७७८ मध्ये शार्लमेन राजाचा सरदार रोलाँ पिरेनीज पर्वतात मारला गेला. हल्ला करणारे डोंगरी बास्क लोक होते. सुमारे तीनशे वर्षांनी रचलेल्या वीरगीतात त्या बास्कांचे मुसलमान झाले! मधल्या काळात धर्मयुद्धाचे वारे वाहू लागले होते. शत्रू बदलला, म्हणून गाणे बदलले.

काही वर्षांपूर्वी एका गावात शिवजयंतीला मी अज्ञानदासाच्या पोवाड्यावर बोललो. १६५९ च्या अफजलखान वधाचा हा पोवाडा. शाहिराला घोडा आणि सोन्याचा तोडा बक्षीस मिळाल्याचे त्यातच सांगितले आहे. कार्यक्रम संपल्यावर एका तरुणाने मला विचारले, “चाचा, तुमका ह्यो पोवाडो आवडता तरी कसो?”

मी म्हटले, “झिला, पोवाडो म्हणणाऱ्याक काय म्हणतत?”

“शाहीर.”

“मगे? आमच्याकडे कविता करणाऱ्याक शायर म्हणतत. शब्द एकच.”

तो हसला. मग आम्ही बराच वेळ बोललो. प्रतापगडावर महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता आणि खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता, हेही बोलण्यात निघाले. फौज, किल्ला, तोफ, शिलेदार हे पोवाड्यातले शब्द अरबी, फारसी, तुर्कीतून आलेले आहेत. केळकरांनी ऐतिहासिक शब्दकोशही रचला, तो असेच शब्द आजच्या वाचकाला कळावेत म्हणून. त्यांनी ज्या शाहिरी वाङ्मयाचा अभ्यास केला, त्यात जेजुरीचा सगनभाऊ हा मुसलमान शिकलगार मानाने बसला आहे. तलवारीला धार लावणाऱ्या घरातला हा माणूस मराठीत गात होता.

त्या तरुणाचा प्रश्न मला लागला नाही, असे म्हणणे खरे होणार नाही. पण त्याचे उत्तर मला रागात सापडले नसते. ते केळकरांच्या वाटेने सापडले. पोवाडा जपावा, आणि त्याच्याशेजारी कागदही ठेवावा.

पुढच्या वेळी सिंधुदुर्गावर गेलात तर त्या ठशांपुढे जरूर उभे राहा. हात जोडावेसे वाटले तर जोडा. घरी मुलांना सांगताना मात्र एवढेच म्हणा, “लोक असे मानतात.” या तीन शब्दांनी श्रद्धाही दुखावत नाही आणि इतिहासही बिघडत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)