कोळशाचा जुना हिशेब

लंडनमध्ये हॉलबर्न व्हायाडक्ट येथे १८८२ साली कोळशावर चालणारे पहिले सार्वजनिक वीजकेंद्र सुरू झाले. ब्रिटनमधले असे शेवटचे केंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. कोळशाच्या विजेतून बाहेर पडायला त्या देशाला १४२ वर्षे लागली. हवामानबदलाच्या वाटाघाटींत भारत जे गाऱ्हाणे मांडत आला आहे, त्याचे मूळ या हिशेबात आहे.

१९७२ साली स्टॉकहोमला पर्यावरणावरची पहिली मोठी जागतिक परिषद भरली. यजमान स्वीडनच्या पंतप्रधानांखेरीज तिथे गेलेल्या सरकारप्रमुख एकट्या इंदिरा गांधी होत्या. गरिबीचा प्रश्न बाजूला ठेवून पर्यावरण राखता येणार नाही, हे त्यांनी तिथे ठामपणे मांडले. १९९१ मध्ये दिल्लीच्या अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी हा मुद्दा पुढे नेला. गरिबाच्या भातशेतीतून निघणारा वायू आणि श्रीमंताच्या मोटारीचा धूर एकाच तराजूत तोलू नका, असे त्यांचे म्हणणे होते. एक पोटासाठी, दुसरा चैनीसाठी.

१९९२ च्या रिओ परिषदेत जबाबदारी सर्वांची, पण सारखी नव्हे, हे तत्त्व मान्य झाले. १९९७ च्या क्योटो करारावर अमेरिकेने सही केली, पण मंजुरी कधीच दिली नाही. विकसनशील देशांसाठी २०२० पर्यंत दरसाल १०० अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन २००९ मध्ये कोपनहेगनला दिले गेले. श्रीमंत देशांच्याच संघटनेच्या मोजणीनुसार तो आकडा प्रथम २०२२ मध्ये गाठला गेला. आजवर कोळसा, तेल व वायू जाळून हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव हिस्सा अमेरिकेचा. जगाच्या एक षष्ठांशाहून अधिक लोकसंख्येच्या भारताचा सुमारे ३ टक्के.

आम्हा बडोदेकरांना या इतिहासाचे एक पान जवळचे आहे. जानेवारी २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बान की-मून इथे आले आणि नर्मदेच्या कालव्यावर उभारलेल्या १० मेगावॉटच्या सौरप्रकल्पाचे उद्घाटन त्यांनी केले. जमीन अडत नाही आणि सावलीमुळे पाण्याची वाफही कमी होते. त्याच वर्षी डिसेंबरात पॅरिस करार झाला.

जगापुढे न्याय मागताना आपण घरातला हिशेबही पाहिला पाहिजे. दोन-दोन वातानुकूलन यंत्रे लावणाऱ्या आपल्यासारख्यांनी गरिबाच्या चुलीआड लपणे बरे नव्हे. चंद्रपूर, सिंगरौली, कोरबा इथल्या खाणींनी आपली घरे उजळली. उद्या कोळसा मागे पडेल, तेव्हा तिथल्या कामगाराच्या मुलाला काम कोण देणार? श्रीमंत देशांना आपण विचारतो तोच प्रश्न तो आपल्याला विचारील. त्याचे उत्तर आतापासून तयार ठेवणे, हेही या उत्सवाच्या निमित्ताने एकत्र येणाऱ्या आपल्या समाजाचे काम आहे.